१८ पुलअप निघतात, मग एका हाताचा एकही का निघत नाही?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २६, वजन ६८ किलो, कोल्हापूरकडचे. सैन्यभरतीच्या तयारीत दोन वर्षं बीम म्हणजे पुलअप मारलेत, एका दमात १८ निघतात, कमरेला २५ किलोची प्लेट बांधून ४ निघतात. गेले ५ महिने आठवड्यातून ५ दिवस एका हाताच्या निगेटिव्ह करताय, म्हणजे उडी मारून वर जायचं आणि एका हाताने हळूहळू खाली यायचं. तरीपण खालून लटकून ओढायला गेलं की अंग जागचं हलत नाही, आणि आता महिनाभर उजव्या कोपराला आतल्या बाजूने दुखतंय. विचारलंय की अजून कुठला एक्सरसाइज घालू, आणि ३ महिन्यांत होईल का.

घालू काहीच नका, आधी काढा. आणि ३ महिन्यांत होणार नाही. तुमच्या आकड्यांवरून मला ८ ते १४ महिने दिसतायत, आणि तेही कोपराने साथ दिली तर. हे ऐकून नाराज होऊ नका, तुम्ही जिथे आहात तिथपर्यंत बहुतेक लोक पोचतच नाहीत. पण तुम्ही ज्याला ताकदीचा प्रॉब्लेम समजताय तो खरं तर तीन वेगवेगळे प्रॉब्लेम एकत्र आलेत आणि त्यातल्या एकालाच तुम्ही रोज झोडपताय.

पहिला म्हणजे सरळ हिशोबाचा. ६८ आणि २५ मिळून ९३ किलो तुम्ही ४ वेळा ओढता. एकदाच ओढायचं तर किती ओढाल याचा अंदाज काढायची एक जुनी रीत आहे, रेप्सना, म्हणजे किती वेळा ओढलं त्या आकड्याला, ३० ने भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि त्याने वजनाला गुणायचं. तुमचं उत्तर येतं साधारण १०५ किलो. दोन हातांत वाटलं तर एका हाताच्या वाट्याला ५२-५३. आणि एका हाताने उचलायचेत ६८. म्हणजे कागदावर १५ किलो कमी पडतायत. प्रत्यक्षात फरक थोडा कमी असतो, कारण एकटा हात पूर्ण जोर लावतो तेव्हा तो दोन हातांच्या निम्म्यापेक्षा जरा जास्तच ओढतो, पण अंग गरकन फिरतं ते सावरण्यात त्यातला काही जोर जातो. तरी १० किलोच्या वरची तूट आहे हे नक्की. ही तूट १८ चे २५ पुलअप केल्याने भरत नाही. भरतीत १० बीम मारले की पूर्ण मार्क मिळतात म्हणून सगळे रेप्सच्या मागे लागतात आणि ती सवय अंगात मुरते, पण १८ वा पुलअप हा दमाचा खेळ आहे आणि एका हाताचा पुलअप हा एकदाच, सगळा, पूर्ण जोर लावण्याचा. दोघांचं नाव सारखं आहे एवढंच.

दुसरा प्रॉब्लेम तळाचा. खालून अंग हलत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, ते वाचूनच मला वाटलं की हा माणूस फऱ्याने, म्हणजे खांद्याच्या पात्याने, ओढत नाहीये. दोन हातांनी लटकताना खांदे कानाला चिकटलेले असले तरी माणूस दंडाच्या जोरावर निभावून नेतो. एका हाताने ते चालत नाही. हात पूर्ण सरळ असताना कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना ओढायला सगळ्यात वाईट कोन मिळालेला असतो, तिथे पहिली हालचाल खांद्याच्या पात्यातूनच यावी लागते, पातं खाली बसलं पाहिजे, खांदा कानापासून लांब गेला पाहिजे आणि मग कोपर वाकायला सुरुवात होते. आणि निगेटिव्हमध्ये हाच भाग सगळ्यात वाईट होतो, शेवटच्या वीतभर अंतरात माणूस धपकन खाली सुटतो आणि समजतो की झाली निगेटिव्ह. म्हणजे ५ महिने तुम्ही नेमका जो भाग कच्चा आहे तो सोडून बाकीचा केलाय.

तिसरा कोपर. आणि माझ्या मते तुमचा सगळा प्लॅन इथून सुरू झाला पाहिजे, कारण स्नायू काही आठवड्यांत तयार होतात पण कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोरखंड, त्याला महिने लागतात. स्नायू पुढे पळतो, कंडरा मागे राहतो, आणि मधल्या काळात माणूस स्वतःला जेवढा मजबूत समजतो तेवढा तो नसतो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मी पुण्यात गेली ११ वर्षं क्लाइंबिंगवाल्या पोरांना ताकदीचं ट्रेनिंग देतोय, पण त्याच्या आधी वयाच्या २४ व्या वर्षी मीसुद्धा हेच केलं होतं, रोज निगेटिव्ह, रोज, कोणीतरी सांगितलं होतं की उतरता आलं की चढता येतं. चौथ्या महिन्यात उजवं कोपर गेलं. कुकरचं झाकण फिरवताना आतून कळ यायची, गाडीचा ब्रेक दाबताना बोटं सैल पडायची, आणि मी दोन आठवडे सुट्टी घेऊन परत तिथूनच सुरू करायचो, परत दुखायचं, असं वर्ष गेलं. पहिला स्वच्छ पुलअप निघाला तो ३१ व्या वर्षी, ६४ किलो वजनावर, आणि त्या खेपेला तयारीच्या १४ महिन्यांत निगेटिव्ह फार तर आठवड्यातून एकदा केल्या असतील.

निगेटिव्हचं नेमकं काय होतं ते सांगतो. उतरताना स्नायू चढण्यापेक्षा जास्त वजन पेलू शकतो, म्हणून तर जे वजन ओढता येत नाही ते घेऊन तुम्ही हळू उतरू शकता. हा फायदाही आहे आणि धोकाही इथेच आहे, कारण तो सगळा भार कंडरा आणि जिथे तो हाडाला चिकटतो त्या जागेवर येतो. कोपराच्या आतल्या बाजूला जे हाडाचं टोक हाताला लागतं ना, तिथे मनगट वाकवणारे आणि मूठ आवळणारे बरेच स्नायू एकत्र येऊन चिकटतात. एका हाताने लटकताना मूठ करकचून आवळलेली असते, वरून अंग फिरायला बघतं, आणि सरळ बार हा फिरत नाही, म्हणजे पिळ कुठेतरी जाणारच, तो जातो कोपरात. हे आठवड्यातून ५ दिवस. एक-दोन सेट आठवड्यातून एकदा, तेही पुरेशी ताकद आल्यावर, याला माझा विरोध नाही. मुख्य व्यायाम म्हणून आहे.

आता काय करायचं. पहिले ४ आठवडे एका हाताचं काहीही नाही. दोन हातांचे पुलअप चालू ठेवा पण बार सोडून दोऱ्यांना टांगलेल्या रिंगवर, कारण रिंग मनगटाबरोबर फिरते आणि कोपराला हवा तो कोन मिळतो. तळवे स्वतःकडे करून सरळ बारवर चिनअप सध्या बंद, माझ्याकडे आतल्या कोपराची तक्रार घेऊन येणारे बरेचसे तेच करत असतात. वजन एवढंच की दुखणं १० पैकी ३ च्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते आदल्या दिवशीपेक्षा जास्त नसलं पाहिजे. ही सकाळची टेस्ट फार कामाची आहे, व्यायाम करताना गरम अंगात कोपर खोटं बोलतं. पूर्ण आराम मात्र करू नका, कंडरा आरामाने शांत होतो पण मजबूत होत नाही, परत भार आला की परत तेच.

सोबत एक दिवसाआड मनगटाचं काम. हात मांडीवर ठेवून, तळवा वर, ४-५ किलोचा डंबेल, दुसऱ्या हाताने मदत करून वर आणायचा आणि ४-५ सेकंद मोजत खाली सोडायचा, १५ चे ३ सेट. मग तळवा खाली करून हलक्या वजनाने तसंच. फार दुखत असेल त्या दिवशी हालचाल न करता नुसतं मधल्या कोनात ३०-४० सेकंद धरून ठेवायचं, ४-५ वेळा, त्याने बऱ्याच जणांना लगेच हलकं वाटतं. कंटाळवाणं आहे हे. पण माझ्याकडे ज्यांनी हे मनापासून केलं त्यांची कोपरं महिना-दीड महिन्यात कामाला लागली, आणि ज्यांनी उडवलं ते वर्षभर तेच दुखणं घेऊन येत राहिले.

चार आठवड्यांनी कोपर शांत झालं की खरं काम सुरू. त्यासाठी तुम्हाला एक गोष्ट आणायला सांगणार आहे ती म्हणजे कप्पी. विहिरीवरची लोखंडी घासणारी नको, बेअरिंगवाली, क्लाइंबिंगच्या सामानात मिळते. बारला किंवा वरच्या हुकाला ती कप्पी अडकवायची, दोरीच्या एका टोकाला प्लेटा, दुसरं टोक तुमच्या मोकळ्या हातात किंवा कमरेच्या हार्नेसला. तुम्ही एका हाताने ओढता आणि पलीकडचं वजन तुम्हाला वर जायला मदत करतं. १८ किलो लावले तर तुम्ही ६८ ऐवजी ५० ओढताय.

यावर लोक विचारतात, रबर बँड का नको, बारवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या हाताने धरून का नको, आर्चर पुलअप (एक हात वाकवून ओढायचं, दुसरा बारवर बाजूला सरळ) का नको. वाईट काहीच नाही, पण मोजता येत नाही. आर्चरमध्ये दुसरा हात आज किती चोरतोय हे तुम्हाला स्वतःलाही कळत नाही, दमलात की तो गुपचूप जास्त ओढतो आणि तुम्हाला वाटतं प्रगती झाली. बँडचं तर उलटच, तो सगळ्यात जास्त ताणलेला असतो तळाला, म्हणजे तुमचा जो कच्चा भाग आहे तिथेच तो भरपूर मदत करतो आणि तो भाग कच्चाच राहतो. कप्पीवर मोकळ्या हाताने कितीही जोर लावा, पलीकडचं वजन वर उचललं जाईल, मदत त्या वजनाइतकीच मिळणार. थोडंफार घर्षण खातं, चढताना मदत जरा कमी आणि उतरताना उलटं, पण रोज तीच कप्पी वापरली तर आकडे एकमेकांशी जुळतात आणि आपल्याला तेवढंच हवंय.

सुरुवात २० किलोच्या मदतीने करा, हिशोबाने १५ निघत असले तरी. ५ सेट, प्रत्येक हाताला ३ रेप्स, कमजोर हात आधी, मध्ये ३ ते ५ मिनिटं पूर्ण विश्रांती. एवढी विश्रांती घेताना भरतीवाल्या पोरांना अपराधी वाटतं, घाम नाही, धाप नाही, हा कसला व्यायाम. पण इथे धाप लागली म्हणजे तुम्ही चुकीची गोष्ट ट्रेन करताय. पाचही सेटमध्ये तिन्ही रेप्स तळापासून, पूर्ण सरळ हातापासून, झटका न देता निघाले की पुढच्या आठवड्यात १ किलो कमी. १ किलोची प्लेट मिळत नसेल तर १ लिटर पाण्याची बाटली बांधा, १ किलोच असते. मध्ये २-३ आठवडे काहीच कमी होणार नाही असे येतील, तेव्हा जबरदस्ती करू नका.

तळासाठी वेगळं काम. दर वेळी सुरुवातीला एका हाताने लटकायचं, पण नुसतं मढ्यासारखं नाही, खांदा खाली खेचून. २० सेकंद जमलं की त्याच लटकलेल्या स्थितीत कोपर न वाकवता फक्त पातं खाली-वर, ५ वेळा. दिसायला दोन इंचाची हालचाल आहे. पहिल्या आठवड्यात ती होणारच नाही बहुतेक, म्हणून एक पाय स्टुलावर ठेवून करा. माझ्याकडे एक पोरगा होता, ८२ किलोचा, ओढायची ताकद माझ्यापेक्षा जास्त, तरी वर्षभर अडकला होता, मी त्याला वजन वाढव वजन वाढव म्हणत राहिलो आणि ती माझी चूक होती, त्याचं पातंच हलत नव्हतं. हे दोन इंच जमल्यावर तीन महिन्यांत त्याची मदत १२ किलोवरून ४ वर आली. तेव्हापासून मी कोणाचाही आधी लटकलेला खांदा बघतो, मग बाकीचं.

अंग फिरतं त्याचं काय, हाही प्रश्न असतोच. थोडं फिरू द्या. एका हाताने लटकलं की शरीर आपोआप वळतं आणि बहुतेकांचा तळवा तोंडाकडे किंवा बाजूला येतो, त्याच्याशी भांडण्यात फायदा नाही. तळवा समोर ठेवूनच ओढायचं हा हट्ट पहिल्या पुलअपसाठी सोडा. पोट आणि कुल्ले घट्ट, पाय जुळवून जरासे पुढे, मोकळा हात छातीशी किंवा मांडीशी, एवढं केलं की गरगर बरीच कमी होते.

आठवड्यातल्या दुसऱ्या जड दिवसाचं काम म्हणजे वजन बांधून दोन हातांचे पुलअप, ५ सेट, ३ ते ५ रेप्स. हा तुमचा पाया. माझ्याकडच्या लोकांत मी असं पाहिलंय की शरीराचं वजन आणि बांधलेलं वजन मिळून स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पटीच्या आसपास एक रेप गेला की एका हाताचा दार ठोठवायला लागतो. तुमच्यासाठी ते ५० किलो बांधून एक. आज अंदाजे ३७ वर आहात. हा आकडा दगडावरची रेघ नाही, मी स्वतः त्याच्या थोडं अलीकडेच होतो, आणि स्वतःच्या वजनाच्या ४० टक्केच बांधता येत असताना एका हाताचा काढणारे हलके क्लाइंबरही बघितलेत. वजन किती, हात किती लांब, लहानपणी दोरीचा मल्लखांब केलाय का, दिवसभराचं काम काय, या सगळ्यावर ते हलतं. ५८ किलोच्या माणसाला ७ महिन्यांत जमलेलं ८२ किलोवाल्याला २ वर्षांत जमू शकतं, आणि दोघांनी सारखीच मेहनत केलेली असू शकते.

मंगळवारी कप्पी, शुक्रवारी वजन, एवढे दोनच जड दिवस. तिसरा दिवस हवाच असेल तर रविवारी हलका, आणि तो तालमीत घालवा. तुमच्याकडे कोल्हापुरात दोर चढायची सोय असलेल्या तालमी आहेत, हे भाग्य समजा. पाय न लावता दोर चढताना प्रत्येक वेळी एक हात पुढे जातो तेव्हा दुसऱ्याने सगळं अंग क्षणभर अडवून धरायचं असतं, हेच तर तुम्हाला हवंय, आणि दोराची पकड कोपराला सरळ बारपेक्षा सोयीची जाते. घसरत खाली येऊ नका, हातावर हात ठेवत उतरा, किंवा सरळ पायांनी दोर धरून उतरा, पहिले दोन महिने तरी. दोर चढणं १८९६ च्या अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये होतं आणि १९३२ पर्यंत अधूनमधून राहिलं. अमेरिकेचे जॉन गिल, ज्यांना बोल्डरिंगमध्ये, म्हणजे दोराशिवाय छोट्या खडकांवर चढण्यात, फार मानतात आणि जे पेशाने गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनीही जिम्नॅस्टिक्स आणि दोर चढण्याचा सराव क्लाइंबिंगमध्ये आणला आणि एका हाताचे पुलअप त्यांच्यासाठी नेहमीचे होते. म्हणजे हा रस्ता जुना आहे आणि तुमच्या गल्लीतून जातो.

ढकलायचे व्यायाम सोडू नका, जोर, दंड, डिप्स, जे आवडेल ते, आठवड्यातून दोनदा. फक्त ओढत राहणाऱ्यांचे खांदे पुढे गोल होतात आणि मग पातं खाली बसत नाही.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण वजन कमी करून बघू का असं शेवटी लिहिलंय म्हणून सांगतो. ५ फूट ९ इंचाला ६८ किलो म्हणजे तुमच्याकडे कमी करण्यासारखं फार नाही. उपाशी राहून ३ किलो उतरवलेत तर पुलअप एखादा दिवस जवळ येईल पण कोपर बरं व्हायला लागणारं सामानच मिळणार नाही. किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे तुम्हाला दिवसाला साधारण ११० ग्रॅम. ४ अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या एवढ्यातच ६५ च्या आसपास होतात, उरलेलं डाळ, उसळ, भाकरी, चिकन-मासे यातून. तांबडा-पांढरा बंद करायची गरज नाही. झोप मात्र ७ तासांच्या खाली नको.

साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, मदत ७-८ किलोवर आली की, आठवड्यातून एकदा कप्पीच्या दिवशी शेवटी लॉक ऑफ घाला, कोपर काटकोनात ठेवून एका हाताने ५ सेकंद, आणि जरा खाली, हात अर्ध्याहून जास्त उघडलेला असताना ५ सेकंद, कारण तळ सुटल्यावर पुढे बहुतेक जण तिथे अडकतात. त्यानंतर हव्या असतील तर २-३ निगेटिव्ह, शेवटच्या इंचापर्यंत ताबा ठेवून, धपकन नाही. आणि ३ किलोच्या मदतीने ३ स्वच्छ रेप्स निघेपर्यंत बिनमदतीचा प्रयत्नच करू नका. दर आठवड्याला होतोय का बघू म्हणून झटका मारणं हेच कोपराची सगळ्यात जास्त वाट लावतं, मी माझ्याकडे प्रयत्नाचा दिवस महिन्यातून एकच ठेवतो आणि त्या दिवशीही तीनपेक्षा जास्त वेळा नाही.

हे सगळं सुरू करायच्या आधी मला दोन गोष्टी कळवा. रात्री किंवा सकाळी उठल्यावर उजव्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात का, बधिर वाटतं का? आणि कोपर पूर्ण दुमडून फोन कानाला धरला की ते वाढतं का? उत्तर हो असेल तर हे फक्त कंडराचं दुखणं नाहीये, कोपराच्या मागून जाणारी नस दाबली जात असू शकते, आणि मग वरचं काहीही करू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना किंवा चांगल्या फिजिओला दाखवा, आणि ते काय म्हणतात ते मला सांगा, त्याप्रमाणे आपण पहिला महिना बदलू.